एका खुर्चीवर समाधान नको



कंपनी सचिवांच्या या परिषदेचं अध्यक्षपद दिल्याबद्दल मी आपली ऋणी आहे. अध्यक्षांनी कंपनी कायद्यातल्या घडामोडींचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मीही आढावा सुरू करते, पण कलम 149 पाशीच थांबणार आहे. तिथलं एक दुखणं मी बरीच वर्षं मनात वागवते आहे.

2013 च्या कंपनी कायद्यातल्या या कलमानं प्रत्येक सूचिबद्ध कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री हवी असं ठरवलं. सेबीने मुदत 1 ऑक्टोबर 2014 वरून 1 एप्रिल 2015 वर नेली. मुदत संपण्याआधीच्या त्या मार्चमध्ये किती प्रवर्तकांच्या पत्नी, सुना आणि मुली घाईघाईनं संचालक झाल्या, हे या सभागृहाला सांगायला नको. त्या नेमणुकांचे कागद आपल्याच टेबलांवरून गेले. पुढे उदय कोटक समितीच्या शिफारशींनंतर ही स्त्री स्वतंत्र संचालकही असावी असा नियम आला. एप्रिल 2019 पासून पहिल्या 500 आणि एप्रिल 2020 पासून पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना तो लागू झाला. सुधारणा खरी, पण आकडा एकच राहिला. मंडळ सहा जणांचं असो की पंधरा जणांचं, कायद्याला एक स्त्री पुरते.

नॉर्वेने पब्लिक कंपन्यांसाठी 40 टक्क्यांचा कायदा 2003 मध्येच केला. तेवढं लांब कशाला? महाराष्ट्राने 2011 मध्ये ग्रामपंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. गावची पाणीपट्टी आणि घरपट्टी सांभाळायला बाई मिळते, आणि कंपनीच्या ताळेबंदासमोर बसवायची वेळ आली की ‘लायक स्त्रिया मिळत नाहीत’ हे पालुपद सुरू होतं!

‘संख्या महत्त्वाची की गुणवत्ता’ यावर आपल्या व्यवसायात सतत वाद चालतो. मला त्याचं उत्तर एका बोर्डरूममध्ये मिळालं. एका कारखानदारी कंपनीत मी सचिव होते. मंडळावर एकच स्त्री होती, बँकेतून निवृत्त झालेली, हिशेबाला पक्की. प्रवर्तकांच्या नातलगाच्या फर्मला दिलेली उचल अजून का फिटली नाही, असं त्यांनी विचारलं. “मॅडम, तो घरचा विषय आहे, पुढे जाऊ,” असं अध्यक्ष म्हणाले आणि सगळे पुढे गेले. इतिवृत्तात उतरलं, ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’

पुढच्या वर्षी आणखी एक स्त्री, सीए, स्वतंत्र संचालक म्हणून आली. तोच प्रश्न पुन्हा निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “मलाही उत्तर हवंय. नसेल तर आम्हा दोघींचा विरोध नावानिशी नोंदवा.” कलम 118 प्रमाणे तो नोंदवावाच लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विषय त्याच बैठकीत ऑडिट कमिटीकडे गेला आणि वर्षअखेरीआधी रक्कम व्याजासकट परत आली.

पहिल्या बाईंची गुणवत्ता आदल्या वर्षीही तेवढीच होती. बदलली ती संख्या. माझ्या लेखी वाद तिथेच मिटला. एकटीचा प्रश्न टाळता येतो, दोघींचा टाळणं जड जातं. एकच जागा देणारा कायदा स्त्रीला मंडळावर आणतो आणि तिथे एकटं पाडतो. हे मला मान्य नाही.

किमान एक तृतीयांश जागांची मागणी करणारं निवेदन आपण शासनाला आणि सेबीला द्यावं. कारखाने चालवलेल्या, बँका सांभाळलेल्या, लेखापरीक्षण केलेल्या स्त्रियांची यादीही तयार करावी. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्या कंपनीत नामनिर्देशन समितीची पुढची बैठक लागेल, तेव्हा उमेदवारांत दुसऱ्या स्त्रीचं नाव का नाही, हे समितीच्या अध्यक्षांना विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहा.