शाळाच कुरणात गेली तेव्हा

अंगणवाडीत येणारं मूल कोरी पाटी नसतं. घरची बोली, कामं आणि खेळ ते बरोबर घेऊन येतं. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हे ओळखलं. १९४५ मध्ये बोर्डी गावात त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा इटलीत घडलेल्या माँटेसरी पद्धतीतल्या महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया आणि खड्यांनी घेतली. पुढे कोसबाडला सहकारी अनुताई वाघांच्या साथीनं, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. मूल शाळेत येईना, म्हणून शाळाच कुरणात गेली.

कुणी म्हणेल, अशानं मूल गावातच अडकेल, प्रमाण मराठी मागे पडेल. पण ओळखीची वस्तू आणि घरची बोली ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. हळकुंडं मोजून शिकलेली बेरीज पुस्तकातही तीच राहते. दुसरा धोका मात्र खरा आहे: अमक्या समाजाचं मूल असंच, हा शिक्का. म्हणून अंगणवाडीच्या बाईंनी समाज नव्हे, समोरचं मूल पाहावं. उदाहरणार्थ, हट्टा गावाचा वसमत तालुका हळदीचा. त्या जिल्ह्यातल्या बंजारा घरांत गोरबोली नांदते. तेव्हा हट्ट्याच्या अंगणवाडीतला पहिला धडा हळकुंडापासून आणि घरच्या शब्दापासूनच सुरू व्हावा.