पहिली गाडी आणि विम्याचा हप्ता



ज्या घरात आजोबांनी बैलगाडी हाकली आणि वडिलांनी सायकल दामटली, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी आज अठरा वर्षे पुरी होताच गाडीची किल्ली मागते. त्यात वावगे काही नाही. दूध डेअरीला घालायचे, कॉलेज गाठायचे, आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे, म्हणजे गाडी ही आता चैन राहिलेली नाही. पण गाडी घ्यायची ठरली की घरात किंमतीची चर्चा होते, मायलेजची होते, कर्जाच्या हप्त्याची होते. विम्याचे नाव निघाले की मात्र खिशाकडे गेलेला हात मागे येतो. "तो कागद पोलिसाला दाखवायचा असतो," एवढीच पुष्कळांची समजूत आहे. म्हणून नव्याने गाडी हाती घेणाऱ्या तरुणाला विमा परवडावा कसा, ह्याचा आज आपण थोडा हिशेब मांडू.

आधी एक शब्द समजून घेऊ. 'थर्ड पार्टी' हा शब्द आपण सर्रास वापरतो. ह्यातला पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचा तो माणूस, ज्याला आपल्या गाडीचा धक्का बसला. शाळेतून परतणारे पोर, बाजाराला निघालेली म्हातारी, सायकलवरचा मजूर, हा आपला तिसरा पक्ष. त्याच्यासाठी विमा उतरवणे आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचे झाले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमात ही सक्ती आजही आहे. विम्याशिवाय गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड चार हजार.

पण दंडाची भीती ही लहान भीती. मोठी गोष्ट पुढेच आहे. अपघातात कोणा कर्त्या माणसाचा जीव गेला, तर त्याची मिळकत, त्याचे वय, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून न्यायाधिकरण भरपाई ठरवते. ती सहज काही लाखांत जाते. विमा असेल तर मृत्यू वा दुखापतीची ही भरपाई, रक्कम कितीही असो, कंपनी भरते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. आणि विमा नसेल तर? तर ती रक्कम मालकाने भरायची. त्याने भरली नाही, तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. शेतकरी श्रोत्यांना ह्याचा अर्थ फोडून सांगायला नको. आणि मालकाकडे काहीच नसेल, तर ज्या घरचा माणूस गेला त्या घराच्या हातात नुसता निकालाचा कागद राहतो. म्हणजे एका विम्यावाचून दोन घरे बसतात.

आता पैशाचे पाहू. इंग्लंडसारख्या देशात तरुण, नवशिक्या चालकाला त्याच्या वयामुळेच जबर हप्ता पडतो. तिथे शिकायला गेलेली आपली मुले गाडी घेताना ह्यानेच बिचकतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर ठरवताना चालकाचे वय विचारत नाहीत; गाडीचे इंजिन किती मोठे ते पाहतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सी.सी. च्या मोटारसायकलला वर्षाला ७१४ रुपये पडत. १००० सी.सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीला २०९४, त्यापुढे १५०० पर्यंत ३४१६ आणि त्याहून मोठीला ७८९७. वर कर वेगळा. मोटारसायकलचा हिशेब करा: अठरा टक्के कर धरून सुमारे ८४० रुपये, म्हणजे महिन्याला सत्तर. लहान मोटारीला महिन्याला दोनशेच्या थोडे वर.

ह्यावरून पहिला धडा मिळतो तो असा की, विम्याची काटकसर गाडी निवडतानाच करायची असते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे इथे अक्षरशः खरे आहे. पहिल्या गाडीला मोठ्या इंजिनाचा सोस कशाला? जो लहान गाडी नीट चालवील, तो पुढे मोठीही घेईल.

दुसरी गोष्ट. नवी गाडी घेताना थर्ड पार्टीचा विमा एकदम काही वर्षांचा घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा, असा नियम झाला. म्हणून दुकानात सांगितलेला आकडा ऐकून छाती दडपते. पण तो आकडा एका वर्षाचा नाही, हे ध्यानात घ्या. शिवाय गाडी विकणाऱ्यानेच विमा द्यावा असे बंधन नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर विचारा, कागद वाचा, मग सही करा. थर्ड पार्टीचा दर सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात.

तो दुसरा विमा सक्तीचा नाही, आणि इथे मात्र विचार करून खर्च वाचवता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँक तो मागणारच. पण दहा-बारा वर्षांची जुनी गाडी असेल, तिची किंमतच उतरली असेल, तर तिच्या नुकसानीसाठी दरसाल हप्ता भरावा का, हा हिशेब घरोघरी वेगळा येईल. मात्र एक सांगतो. नुसता थर्ड पार्टी विमा घेतला, तर आपल्याच दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाला त्याचा आधार मिळेलच असे नाही. मागे बहुधा कोण बसते? आई, बायको, धाकटा भाऊ. त्यांच्यासाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे. चालवणाऱ्या मालकासाठी पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तोही सोडू नये.

तिसरी गोष्ट नो क्लेम बोनसची. वर्षभर नुकसानीचा दावा केला नाही, तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पुढल्या वर्षी वीस टक्के सूट मिळते; ती वाढत वाढत पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांवर जाते. समजा, हा हप्ता सहा हजार आहे. गाडीला पोचा आला, दुरुस्ती पंधराशेची. त्यातले पहिले हजार पॉलिसीप्रमाणे आपणच सोसायचे. म्हणजे दावा करून मिळाले पाचशे आणि पुढल्या वर्षीची सूट गेली बाराशेची! असा दावा करू नये. आणि ही सूट माणसाची असते, गाडीची नव्हे. गाडी विकली तरी नव्या गाडीसाठी ती नेता येते. मुदत संपून नव्वद दिवस उलटले की मात्र ती जाते.

पैसे जमवायचे कसे? विम्यात उधारी नाही. हप्ता हाती पडल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही, असा कायदाच आहे. म्हणून मुदत संपण्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. दुधाच्या पगारातून महिन्याला शंभर-दोनशे बाजूला टाका, बचत गटात ठेवा, पोस्टात ठेवा. वर्षाचे ओझे महिन्यावर वाटले की हलके होते. एक दिवस जरी विमा तुटला आणि त्याच दिवशी अपघात झाला, तर दुसऱ्या दिवशी भरलेला हप्ता उपयोगी पडत नाही. बैल गेला नि झोपा केला, असे होते.

आता तीन खड्डे दाखवतो. जुनी गाडी शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर घ्यायची आणि आर. टी. ओ. त नाव बदलायचेच नाही, ही आपल्याकडची फार वाईट चाल. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदीला ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार. म्हणजे गाडी विकून मोकळा झालो असे मानणारा विकणारा मोकळा होतच नाही. घेणाऱ्यानेही विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवायचे असते. दुसरा खड्डा वडापचा. खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे कोंबली, की पॉलिसीची अट मोडली. तिसरा खड्डा लायसन्सचा. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली, तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते.

इथे शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. शाळेच्या आवारात नववी-दहावीची मुले मोटारसायकल घेऊन येतात, आणि आपण 'लांबून येतो बिचारा' म्हणून पाहून न पाहिल्यासारखे करतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मुलाच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला आहे, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पालकसभेत हे एकदा मोकळेपणी सांगा. गणिताच्या तासाला शेकडेवारी शिकवताना विम्याच्या हप्त्याचेच उदाहरण घाला. मुले ते घरी जाऊन सांगतील, आणि वडील मुलाचे ऐकतील.

शेवटी, विमा परवडत नाही असे म्हणणाऱ्या तरुणाने स्वतःला एवढेच विचारावे: महिन्याला टाकीत पेट्रोल किती घालतो? त्याच्या शेजारी हा सत्तर रुपयांचा आकडा लिहून पाहावा. एवढेही जमत नसेल, तर गाडी आणखी सहा महिन्यांनी घ्यावी. तोवर एस. टी. आहेच.