इमारतीचा कारभार आपल्या हाती



वसंत व्याख्यानमालेत इतिहास ऐकायला मिळतो, साहित्य आणि संगीत ऐकायला मिळतं. मी आज सोसायटीच्या कारभारावर बोलणार आहे, कारण हा विषय महाडच्या जिव्हारी लागलेला आहे. २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती.

आता सोसायट्यांचे आदर्श उपविधी पाहा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी. म्हणजे तारिक गार्डनच्या वयाच्या इमारतीला ते लागूच होत नाही. मग त्या वयात इमारतीकडे बघणार कोण? बांधकामातलं पाप राहणाऱ्यांच्या माथी मारायचं नाही, हे मी आधीच स्पष्ट करतो. पण खांबाला गेलेली चीर, उघडी पडलेली सळई, पार्किंगच्या छतातून ठिबकणारं पाणी हे रोज दिसतं ते जाता-येता आपल्यालाच. दिसल्यावर इंजिनिअरला बोलावण्याचा अधिकार आणि त्यासाठीचा पैसाही आपल्याच हाती असला पाहिजे. आज बऱ्याच ठिकाणी तो नसतो. बिल्डरचा माणूस किंवा मुंबई-पुण्याची एखादी एजन्सी दरमहा मेंटेनन्स गोळा करते, वॉचमनचा पगार देते, लिफ्टवाल्याला बोलावते आणि आपण निर्धास्त राहतो.

२२ जुलै २०२१ ला हा निर्धास्तपणा बुडाला. सावित्री आणि गांधारी नद्या महाड शहरात शिरल्या, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. रस्ते बंद, वीज बंद, फोन बंद. अशा वेळी बाहेरगावची एजन्सी येणार कशी? तळमजल्यावरचे मीटर पाण्याखाली जातात, जमिनीखालच्या टाकीत गाळ भरतो, मोटर जळते. मेन स्विच कुठे आहे, टाकीचा व्हॉल्व्ह कोणता, गच्चीची किल्ली कोणाकडे, हे त्या क्षणी इमारतीतल्या चौघांना तरी ठाऊक असलं पाहिजे. महाडसारख्या पुराच्या गावात स्वतः कारभार बघण्याचं खरं कारण हेच आहे. एजन्सीचे पैसे वाचतात हे कारण मला दुय्यम वाटतं. नुसते पैसे वाचवायला ज्यांनी कारभार घेतला, ते पुढे दुरुस्तीतही पैसे वाचवतात, आणि ते घातक आहे.

हे काही नवं धाडस नाही. मुंबईत गावदेवीला रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. राहणाऱ्यांनीच आपल्या घरांचा कारभार बघायची आपल्याकडची परंपरा शंभरी ओलांडून गेली आहे.

एजन्सीकडून कारभार आपल्याकडे घ्यायचा तर घाई नको. आधी सर्वसाधारण सभेत ठराव. मग करारात जी मुदत असेल तेवढी लेखी नोटीस. आणि मग ताबा, तोही यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन. मंजूर नकाशे, आरसीसीची ड्रॉइंग्ज, भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना, महावितरणची बिलं, घरपट्टीच्या पावत्या, बँकेची पासबुकं, सभासदांच्या ठेवींचा हिशेब. यातलं आरसीसीचं ड्रॉइंग सगळ्यात आधी हरवतं, आणि दुरुस्तीच्या वेळी इंजिनिअर पहिलं तेच मागतो. ते मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. रेरात नोंदलेला प्रकल्प असेल तर ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दिसलेला बांधकामाचा दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तो लेखी कळवावा लागतो, आणि कळवायला जागरूक कमिटी लागते.

सगळं स्वतः करू नका, हेही सांगतो. लिफ्टची देखभाल कंपनीकडे, वायरिंग परवानाधारकाकडे, हिशेबतपासणी पॅनेलवरच्या लेखापरीक्षकाकडेच असू द्या. आपल्या हाती निर्णय आणि देखरेख हवी, पाना-पक्कड नव्हे.

भांडणं होतील ती पैशांवरून. तळमजल्यावरचा विचारतो, मी लिफ्टचे पैसे का देऊ? उपविधी सांगतात, लिफ्टचा खर्च सर्वांवर सारखा. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. हे आकडे एकदा सभेत वाचून दाखवले की अर्धा वाद मिटतो. उरलेला अर्धा महाडचा स्वतःचा आहे. खाली दुकानं, वर घरं. पूर आला की दुकानदार बुडतो, वरचे वाचतात. मग पार्किंगमधला चिखल काढायचा खर्च कोणाचा? माझं मत ठाम आहे, तो सर्वांचा. ज्या जिन्याने आपण वर जातो, त्याचा पाया त्याच चिखलात आहे.

पोलादपूरची अडचण निराळी. तिथली कित्येक घरं चाकरमान्यांची. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणारी. सभेला माणसं जमत नाहीत, आणि दोघा-तिघांच्या खांद्यावर सगळं पडतं. त्यावर उपाय साधा आहे. सभा तेव्हाच घ्या, जेव्हा मुंबईकर गावी आलेले असतात. वार्षिक सभेची मुदत ३० सप्टेंबरची. गणपती बहुतेक वर्षी त्याच्या आत येतात. मुंबईला राहणाऱ्यांनाही माझी विनंती आहे: दर महिन्याला हिशेब मागा, पण त्याबरोबर हिशेब लिहिणाऱ्याची एखादी जबाबदारीही उचला. बँकेचं काम, निबंधक कार्यालयाशी पत्रव्यवहार, कोटेशनं मागवणं, हे लांब राहूनही करता येतं.

पावसाळा तोंडावर आला आहे. घरी गेल्यावर आपल्या इमारतीचं आरसीसी ड्रॉइंग कोणाकडे आहे, एवढं विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाऊस लागण्याआधी सभा बोलवा.