छेद जुळवताना

अर्धा लिटर आणि पाव लिटर दूध मिळून किती? पाऊण, असं आपण पटकन सांगतो. कारण मनातल्या मनात अर्ध्याचे दोन पाव केलेले असतात. अपूर्णांकांचे छेद सारखे करणं म्हणजे हेच.

आता जरा अवघड बेरीज घेऊ: पाच छेद बारा अधिक सात छेद अठरा. पुष्कळ मुलं बारा गुणिले अठरा करतात. छेद येतो २१६, बेरीज १७४ छेद २१६, आणि मग सहाने भाग देत बसायचं. उत्तर चुकत नाही, पण मेहनत नाहक वाढते.

त्याऐवजी छेदांचा लसावि, म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य, काढा. बारा आणि अठरा, दोघांनाही सहाने भाग जातो. उरतात दोन आणि तीन. सहा गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे छत्तीस. छेद छत्तीस केला की अंश होतात पंधरा आणि चौदा; बेरीज एकोणतीस छेद छत्तीस. झालं!

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात ती अपूर्णांकांसाठीच सांगितली. लसाविला त्यांचा शब्द होता ‘निरुद्ध’. मला तो फार आवडतो.