माल तयार झाला, पण गिऱ्हाईक कुठे आहे?



गावात कोणी नवा धंदा काढला, की पहिल्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, चार माणसे पाठीवर थाप मारून जातात. महिन्याभराने त्याच दुकानावरून जा. माल फळीवर तसाच असतो आणि मालक दारात उभा. 'काय हो, कसं काय चाललंय?' असे विचारले तर तो म्हणतो, 'लोकांना चांगली वस्तू कळतच नाही हो!' या एका वाक्याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे, कारण या वाक्याने पुष्कळांचे भांडवल बुडवले आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव तुमच्या ओळखीचे आहे. त्यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, तो काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले. ती वाट बंद झाली. मग यंत्रांची चित्रे काढायला शिकले, तोच विषय मुंबईत शिकवू लागले. तिथे बढती हुकली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर करायला घेतला.

नांगर झाला. पण घेतो कोण? शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीला विष चढते. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे, मंडळी! कच्च्या मालाचा पैसा अडकलेला, कारागिरांचा पगार तर थांबत नाही.

आता हे ऐकून आपण त्या शेतकऱ्यांना हसतो. गुरुजीही वर्गात ही गोष्ट अंधश्रद्धेचा नमुना म्हणून सांगत असतील. पण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून पाहा. त्याचा लाकडी नांगर गावातलाच सुतार करी. मोडला तर सुतार-लोहार बलुत्यावर नीट करून देत, रोख पैसा लागत नसे. नवा नांगर म्हणजे आधी रोकड मोजा. ऐन नांगरटीत त्याचा फाळ झिजला किंवा एखादा भाग तुटला, तर तो गावात मिळणार नाही. बैलांना ओढेल की नाही, तेही ठाऊक नाही. फसगत झाली तर कारखानदाराचा एक नांगर वाया जातो. शेतकऱ्याचा मात्र हंगाम जातो, आणि हंगाम गेला की वर्ष गेले.

म्हणून मला वाटते, 'विष चढते' हे ओठावरचे कारण होते. पोटातले कारण धास्तीचे होते. गिऱ्हाईक 'नको' म्हणते तेव्हा त्या 'नको'च्या खाली काय आहे, ते खणून काढावे लागते. तिथे नुसते व्याख्यान कामाचे नाही. लोखंडी नांगर माती पालथी घालतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या उपटून वर आणतो. पण हे सांगून पटत नाही. शेतात तास घालून दाखवावा लागतो.

धंदा जरा मार्गी लागतो तोच दुसरे संकट आले. शहराच्या नव्या वस्तीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदतीचा हात दिला, आणि १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९२० साली कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. वस्तू करणाऱ्याने गिऱ्हाइकाशी बोलणे चालू ठेवले पाहिजे, हे त्यातून शिकावे.

आता आपल्यापुरते पाहू. समजा, तुमच्या घरी किंवा बचत गटात नाचणीची बिस्किटे करायची आहेत, नाहीतर कोणा हुशार लोहाराने नवे खुरपे काढले आहे. सगळी पुंजी एकदम घालू नका. आधी दहा खुरपी करा आणि दहा बायांच्या हाती द्या. आठ दिवसांनी 'आवडले का?' असे विचारू नका. भिडेखातर सगळ्या 'हो' म्हणतील. खुरपे हातात घेऊन पाहा. मूठ कुठे घासली, पाते कुठे वाकले, कोणती बाई पुन्हा जुनेच वापरू लागली? खरे उत्तर तिथे असते. मोडले तर दुरुस्त कोण करणार, हेही विकण्याआधी ठरवा. आणि दोन हंगाम विक्री झाली नाही तरी घरची चूल पेटेल, एवढे बाजूला ठेवूनच पाऊल टाका. नुसत्या जिद्दीवर दोन वर्षे निघत नाहीत. पोटाला भाकरीही लागते.

गुरुजी, आपल्याला एक विनंती. ही गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा शेवटी एवढे विचारा: 'तुम्ही त्या वेळचे शेतकरी असता, तर नांगर घेतला असता का? का नसता घेतला?' ज्या मुलाला 'नाही' म्हणणाऱ्याचे कारण सांगता येईल, ते मूल उद्या चांगला माल करील, आणि तो विकूनही दाखवील.

बरे तर, येतो. राम राम.