लेण्यांच्या पायथ्याची गावे आणि पर्यटन

(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमातील भाषण)



ग्रामीण पर्यटनाच्या विकासावर बोला, असे कार्यवाहांनी आम्हांस सांगितले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर आणि पोट भरतो बँकेच्या खिडकीमागे. त्यामुळे लेणी आणि व्याज, दोन्ही थोडेथोडे कळते. बोलणार आहोत ते मुख्यतः जुन्नरविषयी.

जुन्नरभोवतालच्या डोंगरांत २०० हून अधिक लेणी आहेत. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याचा माल वर येई. व्यापारी जकात भरत आणि दानही देत. रस्ता, मुक्काम, बाजार आणि विहार यांचे नाते त्या लोकांना पक्के ठाऊक होते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने २००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२, चीवरासाठी. हिशेब तंतोतंत जुळतो. आम्ही तो जेवणाच्या सुट्टीत स्लिपच्या पाठीवर करून पाहिला! मुद्दल विणकरांच्या हाती राहिले, भिक्खूंना वस्त्र मिळाले. पर्यटनाचा पैसा गावाच्या हातांतून फिरावा म्हणतात, तो असा.

आज काय दिसते? लेण्याद्रीच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे. अष्टविनायकाच्या गाड्या येतात, मंडळी पायऱ्या चढतात, दर्शन घेतात आणि पुढच्या गणपतीला निघतात. शेजारचे ६ क्रमांकाचे चैत्यगृह पाहायला थोडेच थांबतात. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यांत तर १२ खांबांचे गोल चैत्यगृह आहे. तिकडे वाट दाखवायलाही माणूस भेटत नाही.

पण दुसऱ्यांना कशाला बोल लावायचा? आमच्याच मंडळाची सहल तिथे गेली होती. पुरीभाजी घरची, पाणी घरचे. गावात आपण खर्च केला तो चहाचा आणि एका पंक्चरचा. मागे ठेवल्या त्या पत्रावळ्या. निघताना वस्तीतल्या एक बाई म्हणाल्या, "आदल्या दिवशी सांगितलं असतं तर भाकरी टाकल्या असत्या की." त्या वाक्याने आम्हांस परतीच्या वाटेवर झोप लागली नाही.

सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले; २०२० साली कृषी पर्यटन धोरण आले. चांगलेच झाले. मात्र कृषी पर्यटन केंद्राला शेत लागते, आणि आपल्या कितीतरी कुटुंबांचे नाव सातबाऱ्यावर नाही. त्यांनी द्राक्षबागेच्या मालकाकडे भांडी घासायची, एवढाच का त्यांचा वाटा? ज्याच्याकडे घर आहे त्याला निवास-न्याहारी योजनेत खोली देता येते. घर लहान असेल तर बचत गटाने जेवण द्यावे. कर्ज काढून आधी खोल्या बांधू नका, हे आम्ही बँकेचे असूनही सांगतो. पावसाळ्यात गर्दी होते, उन्हाळ्यात डोंगर तापतो. हप्ता मात्र बाराही महिने येतो. आधी ताटे विका. गिऱ्हाईक रात्री राहायचे विचारू लागले की मग खोलीचे बघू.

आणि जाहिरात म्हणजे रंगीत पत्रक नव्हे. रस्त्यावर वाचता येईल असा फलक, दर लिहिलेला, फोन उचलणारा माणूस आणि स्वच्छ संडास. बायकांची सहल संडास पाहून ठरते, हे पुरुष कार्यकर्ते विसरतात.

विद्यार्थ्यांना एक काम आहे. ब्राह्मी लिपी नेटाने बसलात तर काही महिन्यांत वाचू लागाल. लेण्यातला दात्याचा लेख बोट ठेवून वाचून दाखवणारा गावचाच मुलगा असेल, तर पाहुणा तासभर थांबेल आणि त्याची मजुरी आनंदाने देईल.

पुढच्या सहलीसाठी पाडळीच्या वस्तीत ५० ताटांची आगाऊ रक्कम देण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. येणाऱ्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. डबे आणू नयेत.

जयभीम.