इसब : रात्री जागवणारा विकार
(वार्षिक सर्वसाधारण सभेत त्वचारोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



इसब म्हटले की लाल, भेगाळलेली, खाजरी त्वचा डोळ्यांसमोर येते. ती दिसते, म्हणून तिच्यावर मलम लावले जाते. परंतु या विकाराचा मोठा भाग रात्री, दिवे मालवल्यानंतर भोगला जातो आणि तपासणीच्या खोलीत त्याचा उल्लेखही होत नाही. त्याविषयी आज चार शब्द बोलावेत, असे योजले आहे.

इसबाची खाज रात्री वाढते, यास शारीरिक कारणे आहेत. रात्री शरीरातील कॉर्टिसॉल या दाहशामक संप्रेरकाचे प्रमाण उतरते, त्वचेचे तापमान वाढते आणि त्वचेतून ओलावा अधिक वेगाने उडून जातो. कित्येक रुग्णांत त्वचेचा संरक्षक थर मुळातच कमकुवत असतो. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाशी असलेला त्याचा संबंध २००६ मध्ये उजेडात आला. झोपेत खाजवणारा हात मुलाच्या ताब्यात नसतो. त्याला रागावून काहीच साधत नाही.

ब्रिटनमधील सुमारे १४ हजार मुलांचा वयाच्या १६ वर्षांपर्यंत मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. इसब असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या झोपेचे तास जवळजवळ सारखेच होते. मात्र इसब असलेल्यांची झोप वारंवार मोडत होती. म्हणजे ‘मूल नऊ तास झोपले’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

मोडक्या झोपेची किंमत दिवसा मोजावी लागते. लक्ष टिकत नाही, पाठांतर राहत नाही, चिडचिड वाढते. वर्गात पेंगणारे मूल ‘ढ’ किंवा ‘द्वाड’ ठरते. इसबासोबत झोपही बिघडलेल्या मुलांत अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता यांची लक्षणे अधिक आढळतात. प्रौढांत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण वाढते. काहींच्या मनात जीवन नकोसे झाल्याचे विचारही येतात. मानसिक ताणाने खाज पुन्हा बळावते आणि हे चक्र फिरत राहते. मुलाशेजारी जागणाऱ्या आईचीही झोप त्यात जाते.

हे चक्र तोडता येते. दाह आटोक्यात आला की झोप सुधारते. आंघोळीनंतर लगेच आणि दिवसातून पुन्हा एकदा त्वचा मऊ ठेवणारे मलम लावणे, नखे कापलेली ठेवणे, सुती कपडे वापरणे, हा उपचाराचा पाया आहे. वैद्यकीय सल्ल्याने, योग्य प्रमाणात व योग्य मुदतीपर्यंत वापरलेल्या स्टिरॉइड मलमाचे भय बाळगू नये. मात्र गजकर्ण समजून दुकानातून परस्पर आणलेली मिश्र मलमे टाळावीत. गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी डोळा लागतो, पण इसबाची खाज त्यांनी फारशी शमत नाही.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे तयार झालेली सात प्रश्नांची ‘पोएम’ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यातील एक प्रश्न साधा आहे : गेल्या आठवड्यात इसबामुळे किती रात्री झोपमोड झाली? हा प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारला गेला पाहिजे आणि उत्तर चिंताजनक असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचे दार त्याच्यासाठी उघडे असले पाहिजे. आप्तांनीही हे उत्तर न विचारता सांगावे.

देणगीदारांना एक विनंती. त्वचा मऊ ठेवणारे मलम अनेकांना सौंदर्यप्रसाधन वाटते. महिन्याचा खर्च जुळेनासा झाला की गरीब घरात प्रथम तेच बंद होते आणि पाठोपाठ झोपही जाते. आपल्या देणगीतील काही वाटा या साध्या मलमासाठी राखून ठेवल्यास एखाद्या घराला शांत रात्र लाभेल.